सेवाग्रामचा प्रवेश आणि उन्हाळी वर्ग

सेवाग्राम येथे 1969 मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची पूर्वी स्वतंत्र प्रवेशपरीक्षा होती व तीत गांधीविचारांचीही प्रश्नपत्रिका असे. ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची देशव्यापी परीक्षा सक्तीची झाल्यावर ती स्वतंत्र परीक्षा मागे पडली. बारावीची परीक्षा आणि मे महिन्यातील ‘नीट’ यांच्या मधल्या उन्हाळ्यातील ‘क्रॅश कोर्स’, म्हणजे संपूर्ण अभ्यासक्रमाची काही आठवड्यांत होणारी सशुल्क उजळणी, गुणपत्रिकेत कोठेच नोंदला जात नसल्यामुळे आष्टी वा समुद्रपूरसारख्या लहान गावी घरी बसून मिळवलेले गुण आणि नागपुरात पैसे मोजून मिळवलेले गुण सारखेच ठरतात, आणि ही आंधळी समानता न्याय्य मानली जाते. ‘नीट’ कितीही वेळा देता येत असल्याने आणखी एक उन्हाळा परवडणाऱ्याचे पारडे जड होते. सेवाग्रामच्या जुन्या परीक्षेसाठी गांधीविचारांचीही घोकंपट्टी होत असणारच. निदान त्यासाठी लागणारी पुस्तके स्वस्त होती.