मे महिन्यातला हीटर

अंबडच्या एका गॅरेजात बाकावर पुतण्याच्या ऑक्टेव्हिया आरएसचा नवा, ॲल्युमिनियमचा रेडिएटर ठेवला होता. शेजारी ट्रॅक्टरचे दोन, तांब्या-पितळेचे, काळे रंगवलेले, कडेला जुन्या डागांचे पांढुरके ओघळ. आणि हा रुखवतातल्या भांड्यासारखा लखलखीत. मला इतकी चकाकी रुचत नाही. जाळीमागे जाऊन बसायचंय, तर एवढं नटायचं कशाला?

गाडी शेंद्र्याला जुळवलेली, १.८ लिटरची टर्बो, मूळची दीडशे अश्वशक्तीची. पोराला ती पुरेना. त्याने इंजिनाचा मेंदू नव्याने लिहवून घेतला आणि वाढलेल्या ताकदीसोबत उष्णताही विकत घेतली. जाळलेल्या पेट्रोलमधला साधारण तिसरा हिस्साच कामाचा. उरलेलं धुराड्यातून जातं, नाहीतर पाण्यात उतरतं.

उष्णता वाहण्यात खरं तर तांबंच ॲल्युमिनियमच्या पुढे. पण जुन्या रेडिएटरमध्ये तांब्याच्या फक्त पट्ट्या. नळ्या पितळेच्या, वर डागाचं कथील-शिसं, आणि तिथे उष्णता अडखळते. ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, वजनही थोडं. एवढं ऐकून घेतल्यावर गॅरेजवाले चाचा म्हणाले, "सगळं खरं, पण याला माझा डाग लागत नाही. फुटला तर वेल्डिंगवाला शोधा." त्यांची सगळी हयात त्या डागात गेली. मी त्यांच्या बाजूचा.

शिवाय रेडिएटर थंडावा तयार करत नाही, तो फरकावर जगतो. आत पाणी ९५ अंशांवर, बाहेर युरोपातली वीस अंशांची हवा, म्हणजे पंचाहत्तरचा फरक. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच बेचाळीस. उरले त्रेपन्न. कुठलाही धातू आणा, ही तूट अंबडच्या हवेकडूनच येते.

नवा रेडिएटर यायच्या आधी आम्ही त्याच गाडीतून बीडहून येत होतो. शहागडचा पूल ओलांडला आणि काटा लाल रेषेकडे सरकू लागला. पुतण्याने एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर लावला. पूर्ण! गाडीचा हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला आणखी एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची आग आपल्या गुडघ्यांवर ओतून घ्यायची. काटा खरंच उतरला. वडीगोद्रीला उसाच्या रसाच्या गाड्यावरचा माणूस आमच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

गुडघ्यांना ती ऊब मात्र ओळखीची होती. जुन्या एसटीत ड्रायव्हरच्या शेजारीच इंजिन असायचं, वर भलंमोठं बॉनेट, त्यावर रेक्झिनचा जाड थर. उन्हाळ्यात तिथे बसायची वेळ आली की माणूस दर स्टॉपला उभा राही. डिसेंबरात मात्र ती राजाची जागा. दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवाला जालन्याहून अंबडला यायचं, काचा नीट लागत नाहीत, वारा कानात शिरतोय, आणि आम्ही तीन-चार पोरं बॉनेटवर दाटीवाटीने. खाली इंजिन इतकं थरथरायचं की बोलताना आवाजात आपोआप कंप येई; आम्ही मुद्दाम लांब 'आऽऽ' लावायचो आणि आलाप म्हणून एकमेकांना ऐकवायचो. कंडक्टर वैतागायचा. ड्रायव्हर वैतागत नसे. तो मध्येच गाडी थांबवून कॅन घेऊन उतरायचा. फडक्यात धरून रेडिएटरचं झाकण आधी थोडंसंच सैल करायचा, वाफेला जायला वेळ द्यायचा. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून पाणी शंभरावरही उकळत नाही. तो दाब एकदम सोडला की ते तोंडावर येतं. हे त्याला कुणी वर्गात शिकवलं नव्हतं.

बॉनेटच्या एका कोपऱ्यावर आम्हाला बंदी होती. तिथे त्याचा डबा. बाजरीची भाकरी, बहुतेक वांग्याची भाजी, तासभर इंजिनावर शेकत आलेली. अंबडच्या स्टँडवर झाकण उघडलं की डिझेल आणि लसणाचा मिसळलेला वास यायचा. मायक्रोवेव्हमधल्या भाकरीला तो येत नाही, आणि घरात हे कुणाला पटत नाही.