लोकटक : दावणीला बांधलेली घरे

गाय दावणीला बांधावी, नाव किनाऱ्याला बांधावी, हे कोणालाही समजते. पण राहते घरच बांधून ठेवावे लागले तर? मणिपूरच्या लोकटक सरोवरात मच्छीमारांच्या संसाराची सुरुवातच अशी होते.

इंफाळपासून दक्षिणेला सुमारे 45 किलोमीटरवर मोइरांग हे गाव आहे. 14 एप्रिल 1944 रोजी आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकावला, ते हेच गाव. लोककथेतल्या खांबा आणि थोइबी यांची प्रेमकथाही इथलीच. रानटी बैलाला जेरबंद करून आणणारा गरीब खांबा इथल्या आबालवृद्धांना ठाऊक आहे. या गावाला लागूनच सुमारे 287 चौरस किलोमीटरचे विशाल लोकटक पसरलेले आहे.

सेंद्रा टेकडीवरून पाहिले की पाण्यावर ठिकठिकाणी हिरवी बेटे दिसतात. ही खरी बेटे नव्हेत. गवत, मुळे, कुजलेला पालापाचोळा आणि माती यांचा हा तरंगता थर, 'फुमदी'. त्याच्या जाडीचा साधारण पाचवा हिस्सा पाण्यावर आणि बाकीचा पाण्याखाली असतो. वारा येईल तिकडे फुमदी निघाली!

या फुमदीवरच मच्छीमारांच्या बांबूच्या झोपड्या असतात. फुमदीतून लांब बांबू तळापर्यंत रोवायचे आणि दोरांनी झोपडी जखडायची. मात्र दोर फार ताणून चालत नाही. पाणी चढले की घरालाही चढता आले पाहिजे, म्हणून थोडी ढील ठेवावी लागते. अंगणाच्या कडेला होडी बांधलेली असते. दुकान असो, दवाखाना असो की शेजाऱ्याचे घर, होडी सोडल्याशिवाय कुठेच जाता येत नाही.

जरा पुढे पाण्यावर फुमदीची मोठमोठी कडी दिसतात. ही 'अथाफुम'. फुमदीचे पट्टे कापून, गोल जोडून, बांबूंना बांधून ठेवतात. झाडोऱ्याच्या आश्रयाला मासे येतात, मग भोवती जाळे लावून ते धरतात. मासे धरणे आणि विकणे यात बायकाही मागे नसतात.

हरणाच्या पायाखाली

सरोवराच्या आग्नेय भागात सुमारे 40 चौरस किलोमीटरचे कैबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान आहे. तेही बहुतांशी तरंगते! मणिपूरचे राज्यपशू सांगाई हरीण या लुसलुशीत जमिनीवर अशी डौलदार पावले टाकते, की लोक त्याला नाचरे हरीण म्हणतात. 1975 साली ही हरणे अवघी 14 उरली होती. 2016 च्या गणनेत ती 260 भरली. पण त्यांच्या पायाखालची फुमदी मात्र विरळ होत चालली आहे.

याचे कारणही एका बंधनातच आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरले की फुमदी तळाला टेकायची. तिची मुळे मातीतून पोषण घ्यायची आणि पावसाळ्यात ती पुन्हा वर यायची. 1983 साली जलविद्युत प्रकल्पासाठी इथाईचा बंधारा झाला आणि सरोवराची पातळी वर्षभर चढी राहू लागली. मणिपूरला वीज मिळाली, पण फुमदीचे तळाला टेकणे दुर्मीळ झाले. काठची शेतीही बुडाली आणि कित्येक शेतकऱ्यांनी नांगर सोडून जाळे हाती घेतले. घर बांधणारा माणूस दोराला ढील ठेवतो. सरोवराला बांधताना ती ठेवलीच गेली नाही.

घराची दोरी

2006 च्या लोकटक संरक्षण कायद्याने सरोवराच्या गाभ्यातल्या झोपड्यांना आणि अथाफुमला मनाई केली. नोव्हेंबर 2011 मध्ये शेकडो झोपड्या जाळण्यात आल्या. सरोवर वाचवायचे, हे सरकारचे म्हणणे. पाणी बंधाऱ्याने अडवले, मग शिक्षा आम्हाला का, हा मच्छीमारांचा प्रश्न. त्या धामधुमीत अनेक मुलांची शाळा सुटली. त्यांच्यासाठी 2017 मध्ये चांपू खांगपोक या तरंगत्या वस्तीत फुमदीवरच शाळा सुरू झाली. तीही अर्थातच बांबूंना बांधलेली!

लोकटकला जाण्यासाठी हिवाळा उत्तम. मात्र बाहेरच्या भारतीय प्रवाशांना मणिपुरात इनर लाइन परमिट लागते. शिवाय मे 2023 मध्ये उसळलेल्या हिंसाचाराची झळ या भागालाही बसली आहे, म्हणून निघण्यापूर्वी तिथल्या परिस्थितीची चौकशी जरूर करावी. होडीतून वस्तीपाशी गेलात, तर कोणत्याही दोराला सहज म्हणूनही हात लावू नका. त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी घर बांधलेले असते.