चिकलठाण्याहून अण्णांना

चिकलठाणा, ६ जानेवारी

ती. अण्णांस साष्टांग नमस्कार.

पोचले. तबला-डग्गा दोन्ही धड आहेत, शाईला तडा नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि वहिनी तुम्हाला ओरडून सांगते ते सगळ्या आळीला कळतं, म्हणून पत्रच बरं.

प्रवासाचं विचारू नका. पुण्याहून गाडीत चढले तर क्लीनर म्हणाला, "ढोलकं डिकीत टाका." मी नाही म्हटलं. मग सामानाचे दोनशे रुपये वेगळे मागितले. मी डग्गा मांडीवर घेतला, तबला पायांत ठेवला, कुणाच्या वाटेत काही नव्हतं. तरी नगरच्या थांब्यावर दिवे लावून त्याने सगळ्या गाडीसमोर पुन्हा तोच वाद काढला. शेवटी शंभर रुपये घेतले, पावती नाही. ते शंभर रुपये मला अजून टोचताहेत. आणि रात्रभर डग्गा कवटाळून बसल्यामुळे मनगट असं सुजलंय की आज पाण्याचा तांब्याही डाव्या हाताने उचलला.

थंडी आपल्या वाईसारखी नाही. आपल्याकडे कृष्णेची ओल असते, इथली थंडी कोरडी, बोटांच्या पेरांना चिरा पाडणारी. हवामानाची वेधशाळा याच गावात आहे. पेपरात संभाजीनगरचं म्हणून जे तापमान येतं ते चिकलठाण्याचं, आणि काका ते रोज सकाळी चहाबरोबर मोठ्याने वाचतात.

मावशीने रात्री येसराची आमटी केली होती. गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून दळलेलं पीठ म्हणजे येसर. ते फोडणीच्या पाण्यात सोडलं की दहा मिनिटांत दाट, खमंग आमटी तयार. त्यात ज्वारीची भाकरी कुस्करून वर कच्चं तेल. दोन वाट्या जेवले आणि बसल्या जागी झोपले. वहिनीला सांगा, अर्धा किलो येसर आणते.

गुरुजींकडे उद्या सकाळी सात वाजता. पंढरपूरची तुमची ओळख सांगितली तेव्हा म्हणाले, "वाईचे अण्णा? त्यांची थाप अजून कानात आहे."

---

९ जानेवारी

ती. अण्णा,

तीन दिवस झाले आणि तबल्यावरचं कापड मी अजून काढलेलं नाही. गुरुजींनी काढू दिलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं, माझा उजवा हात मनगटाखाली धरून खांद्याइतका वर उचलला आणि सोडून दिला. हात तिथेच राहिला, हवेत. खाली पडलाच नाही. त्यांनी पुन्हा उचलला, पुन्हा सोडला, पुन्हा तेच. मला कळेना की चूक काय झाली. मग त्यांनी स्वतःचा हात माझ्या हातात दिला. अण्णा, पंचाहत्तरीच्या माणसाचा हात, पण काय वजन! झोपलेल्या बाळाला उचलावं तसा. मी बोटं काढून घेतली तर तो धप्पकन मांडीवर पडला. म्हणाले, "तुझा हात तूच धरून ठेवलायस. जो हात पडू शकत नाही तो वाजवणार कसा?"

तीन दिवस तेवढंच. हात उचलायचा, सोडायचा. श्वास सोडताना सोडायचा. खांदे कानाकडे चढलेत का, जीभ टाळूला चिकटलीय का, दात आवळलेत का ते पाहायचं. माझे दात आवळलेले असतात हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

घरी परत येताना जालना रोडवर गाड्यांची रांग, धूळ आणि कारखान्यांतून सुटलेली माणसं. घराची फार आठवण आली. छोटीची चाचणी झाली का? गणिताचं काय? कुणी काहीच कळवलं नाही.

---

१३ जानेवारी, भोगी

ती. अण्णा,

आज मुख्य गोष्ट सांगायची आहे, पण आधी जेवण. भोगीची मिसळभाजी: वांगी, गाजर, पावटा, ओले हरभरे, बोरं, तिळाचं कूट. त्यावर लोण्याचा गोळा आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. भाज्या इथे आपल्यापेक्षा स्वस्त वाटल्या, बोरं तर फारच. पाण्याची मात्र टंचाई. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं आणि ते आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरायला सगळे धावतात. परवा रियाज अर्धा टाकून मीही बादल्या भरल्या.

मावशी भाकरी थापत होती आणि मी शेजारी पाट घेऊन बसले होते. तिच्या हातांकडे बघता बघता मी तीळ लावायचं विसरले. परातीत पीठ, त्यावर गोळा, आणि हात नुसता पडतोय. दाबत नाही. तळवा पडतो, लगेच उठतो, उठताना भाकरी बोटभर फिरते, पुन्हा पडतो. कोपर मोकळं, खांदा खाली, अंगठा सैल. मध्येच ती काकांशी बोलली, चुलीत काटकी सारली, पण हाताची लय मोडली नाही. कुठे जाड नाही, कुठे चीर नाही. चौदा भाकऱ्या झाल्या. मी विचारलं, "मावशी, हात दुखतो का गं?" ती म्हणाली, "भाकरीनं कशाला दुखंल?"

थापणं हाच शब्द आपण भाकरीलाही वापरतो आणि पखवाजालाही थापच देतो. इतकी वर्षं मी आईला, काकूला, वहिनीला भाकरी थापताना पाहत आले, आणि हात शिकायला वाईहून इतक्या लांब आले.

आता तबल्याचं. परवा कापड काढलं. नुसता 'ना'. तर्जनी चाटेवर पडते आणि अनामिका शाईच्या कडेला टेकलेली असते, हे तुम्हीच मला सातव्या वर्षी शिकवलंत. पण टेकलेली म्हणजे दाबलेली नाही. मी अनामिका दाबत होते. दाबली की पुडी गुदमरते, नाद बारीक होतो, मग बारीक झालेला नाद मोठा करायला मी तर्जनी आणखी जोरात हाणत होते. एका बोटाने गळा आवळायचा आणि दुसऱ्याने ओरड म्हणायचं. माझ्या मनगटाचं दुखणं तिथून आलंय. गुरुजींनी माझी अनामिका स्वतःच्या दोन बोटांनी इतकी हलकी केली की ती आहे की नाही कळेना, आणि म्हणाले, "आता बोट टाक. मारू नको, टाक. परत ती पुडी देईल." टाकलं. अण्णा, माझ्या तबल्यातून असा 'ना' मी कधी ऐकला नव्हता. मोकळा, लांब, कापत जाणारा. मला रडू आलं.

---

१८ जानेवारी

ती. अण्णा,

काल काकांच्या हट्टाने वेरूळ, मकबरा आणि देवगिरी एका दिवसात. लेणी थोर आहेत, पाय दुखले, रिक्षावाल्याने परतीचे ठरल्यापेक्षा जास्त घेतले.

देवगिरीवर मात्र मी बराच वेळ बसून राहिले. गुरुजींनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, म्हणून. तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. घराणं मूळचं काश्मीरचं, काम दरबारच्या हिशेबाचं, आणि त्याने इथे बसून 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्याय. सहावा वाद्यांचा, आणि त्यात चर्मवाद्यांवर हात कसा पडतो, कुठल्या बोटाने, तळव्याच्या कुठल्या भागाने, त्याची एकेका आघाताला नाव देऊन वर्णनं. त्यांना त्याने हस्तपाट म्हटलंय. दिवसभर हिशेब लिहिणारा माणूस संध्याकाळी ढोल वाजवणाऱ्यांच्या बोटांकडे इतक्या बारकाईने बघत असेल, याचं मला फार अप्रूप वाटलं. किल्ल्यावर त्याच्या नावाची पाटी शोधली. मला दिसली नाही.

मावशीचा नातू कॉलेजात ड्रमसेट वाजवतो. त्याला वाटलं मी त्याच्या ड्रमला नावं ठेवीन. उलट मीच त्याला हात दाखव म्हटलं. काठी मुठीत धरायची नाही, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये नुसती तोलायची, पडली की चामड्यावरून तीच उसळते, पुढच्या घावासाठी ती उसळी वापरायची. सॅनफर्ड मोलर नावाच्या अमेरिकन वादकाने १९२५ साली यावर पुस्तक लिहिलं. तिथल्या यादवी युद्धात पलटणीबरोबर ढोल वाजवलेल्या म्हाताऱ्या वादकांचे हात बघून तो हे शिकला, असं नातू म्हणाला. दिवसभर चालत वाजवणाऱ्यांना हात आवळून चालतच नसणार. आपल्या दिंडीतल्या पखवाज्यांचंही तसंच नाही का?

सध्या तिरकिट चालू आहे. गुरुजी मांडीवर टाळी देतात, मिनिटाला साठ. जरा लय वाढली की ते माझ्या बोटांकडे बघत नाहीत, अंगठ्याकडे बघतात. अंगठा ताठ झाला की टाळी थांबते. "ही तुझी आजची हद्द. हिच्या अलीकडे राहा." मी साखळीने, रेल्याने, चौगुनीने वाढलेली मुलगी, आणि आठवडाभर साठाच्या पुढे जाऊ देत नाहीत. पहिले दोन दिवस चिडले होते. काल संध्याकाळी मात्र तिरकिट आपोआप दुप्पट झालं आणि अंगठा लोंबतच होता. बोटं शाईवरून पेरभरसुद्धा वर येत नव्हती. जितकं बोट वर जाईल तितकी खाली यायची वाट लांबते, इतकी साधी गोष्ट आहे. अहमदजान थिरकवाँना ते नाव लहानपणी बोटांच्या थिरकण्यावरूनच पडलं. ते गंधर्व नाटक मंडळीत होते तेव्हा गुरुजींच्या गुरूंनी त्यांना पहिल्या रांगेतून पाहिलं होतं. त्यांच्या आठवणीत राहिला तो पाण्यात सोडल्यासारखा हात.

धिरधिर अजून येत नाही. तळव्याची करंगळीकडची कड आणि अंगठ्याकडची कड, आलटून पालटून. हात उचलायचा नाही, किल्ली फिरवावी तसा कोपरापासून फिरवायचा. मी मध्येच उचलते.

---

२३ जानेवारी

ती. अण्णा,

आज सकाळी सगळे शेतावर हुरडा खायला गेले, मीही गेले. शेणीच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळून गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. तुमची फार आठवण झाली. खरं म्हणजे जे लिहायचं टाळत होते ते लिहायला तिथेच बळ आलं.

तुम्ही मला शिकवलंत की थाप मंडपातल्या शेवटच्या माणसाच्या छातीत वाजली पाहिजे. मी तसंच वाजवलं. हेच मी पंधरा वर्षं मुलांना शिकवते आहे. सात-सात वर्षांच्या पोरांना "जोरात, आणखी जोरात" म्हणते आणि जो जोरात वाजवेल त्याला शाबासकी देते. ते चूक आहे. लहान मुलाला आधी जोर शिकवणं म्हणजे त्याचा हात आयुष्यभरासाठी आवळून ठेवणं. वाईला आले की पहिला महिना एकाही मुलाला मी तबला वाजवायला देणार नाही. हात पडायला शिकतील.

हे गुरुजींना सांगितलं तेव्हा मला भीती होती की ते तुम्हाला काही बोलतील. ते म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या वेळी मंडपात माईक होता का? वीस जोड टाळ आणि एक पखवाज. जोर लावला नसता तर कीर्तनकाराला सम कुठे ते कळलं नसतं." मग अंबाजोगाईजवळच्या आपेगावच्या शंकरबापूंचं बोलणं निघालं, ज्यांना १९८६ साली पद्मश्री मिळाली. गुरुजींनी तरुणपणी त्यांना ऐकलं होतं. सांगताना त्यांचा हात आपोआप मांडीवर पडत होता, पडत होता, आणि त्या साध्या धोतरावरून मला थाप ऐकू आली. मी म्हटलं, आमच्या वाईशेजारच्या बावधनचे नाना पानसे. ते म्हणाले, "मग तुमच्या मातीत आहेच की. इंदूरला जाऊन त्यांनी घराणं उभं केलं, आणि तू हात सोडायला चिकलठाण्याला आलीस."

अण्णा, तुम्ही पखवाज बंद केलात त्याला सहा वर्षं झाली. खांदा गेला म्हणता, रोज रात्री विटेचा शेक घेता. मला वाटतं खांदा गेलेला नाही. तो त्या विनामाईकच्या मंडपात अडकून राहिलाय, अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं बघतोय.

मी शनिवारी रात्री पोचते. या वेळी दिवसाची गाडी घेतलीय, डग्ग्याचं तिकीट लागलं तर लागो. वहिनीला सांगा, रविवारी सकाळी वाटीभर कणीक मळून ठेव, पोळ्यांची नव्हे, पखवाजाची. डाव्या पुडीला मी लावीन. तुम्ही फक्त समोर बसा. मी तुमचा उजवा हात खांद्याइतका उचलणार आहे आणि सोडून देणार आहे. तो पडू द्या.

तुमची,
बाळी