अम्माऊसची वाट

लूकच्या शुभवर्तमानात, चोविसाव्या अध्यायात, एका वाटेचं अंतर दिलं आहे. यरुशलेम ते अम्माऊस, साधारण सात मैल, म्हणजे अकरा किलोमीटर. सांबऱ्याहून बेळगाव जवळपास तेवढंच पडतं. त्यामुळे ती गोष्ट वाचताना मला परमुलूख आठवावा लागत नाही. विमानतळाचं कुंपण, उसाची ट्रॅक्टरं, बागलकोट रस्त्याची धूळ, एवढं डोळ्यांपुढे आलं की पुरतं. एवढ्या वाटेत दोन माणसांचं घरातलं सगळं बोलून होतं, आणि गाव आलं तरी विषय संपलेला नसतो.

क्लयपा आणि त्याचा सोबती असेच बोलत चालले होते. ज्याच्यावर भिस्त ठेवली तो तीन दिवसांपूर्वी क्रुसावर गेला होता. थडगं रिकामं आहे असं बायका सांगत होत्या, पण यांचा विश्वास बसत नव्हता. ते यरुशलेम सोडून निघाले होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जिथे थांबायला हवं होतं तिथूनच ते पाठ फिरवून चालले होते. आणि प्रभू येशू त्यांना गाठतो तो तिथेच. वाट अडवत नाही, आल्या पावली परत फिरा म्हणत नाही. त्यांच्या चालीनं चालतो, त्यांचं गाऱ्हाणं ऐकतो. सांज झाली म्हणून ते त्याला आग्रहानं ठेवून घेतात आणि भाकर मोडताना ओळखतात. मग त्याच रात्री ते मागे वळतात.

ख्रिस्ती आयुष्याला प्रवास म्हणण्याची रीत जुनी आहे. जॉन बन्यनचं त्यावरचं पुस्तक १६७८ साली आलं आणि हरी केशवजी पाठारे यांनी ‘यात्रिक क्रमण’ या नावानं १८४१ मध्ये ते मराठीत आणलं. त्यातला यात्रिक बायकापोरं हाका मारत असताना कानांत बोटं घालून पळत सुटतो. तारणाची ओढ मला कळते, पण ती कानांतली बोटं मला कधीच पचली नाहीत. बन्यनलाही बहुधा ती सलत असावीत. सहा वर्षांनी, १६८४ मध्ये, त्यानं दुसरा भाग लिहिला. त्यात मागे राहिलेली बायको मुलांना घेऊन त्याच वाटेनं निघते. वाटेत तिच्या मेळ्यात कुबड्यांवरचा एक लंगडा येतो, मनानं दुबळा असा आणखी एक येतो. आणि तलवार बाळगणारा त्यांचा वाटाड्या या सगळ्यांना मागे टाकत नाही, त्यांच्या बेतानं चालतो. लोकांच्या तोंडी पहिला भाग राहिला. माझा जीव दुसऱ्यात आहे.

ही दुसऱ्या भागाची गोष्ट मराठीत प्रत्यक्ष घडली आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशानं कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मागे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई राहिल्या, लहानग्या दत्तूला घेऊन, कधी या नातलगाकडे तर कधी त्या. त्यांतला काही काळ तर पंढरपुरात गेला, चंद्रभागेच्या काठी. त्या दिवसांचं दुःख त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात झाकून ठेवलेलं नाही. नंतर त्या नवऱ्याकडे आल्या त्या आपलं सोवळं-ओवळं बरोबर घेऊन. ते मनातून गळून पडायला त्यांचा त्यांना वेळ लागला. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या पायांनी तिथवर चालत येऊन. एवढा तापट माणूस, पण या एका बाबतीत टिळकांनी वाट पाहिली, आणि त्यांच्या कवितेइतकाच मला हा धीर मोठा वाटतो. पुढे वाट उलटी झाली. ‘ख्रिस्तायन’ या त्यांच्या महाकाव्याचे दहा-अकरा अध्याय होतात न होतात तोच, १९१९ मध्ये टिळक गेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. उशिरा अक्षरओळख झालेली बाई, आणि नवऱ्याची वाट जिथे थांबली तिथून पुढे चालत राहिली.

नोव्हेंबर सरता सरता आमच्या भागातून माणसं पायी जुन्या गोव्याला निघतात. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ल्याचा घाट उतरून केरी, साखळी. शंभरावर किलोमीटर. मी प्रॉटेस्टंट घरातला. संतांचे नवस आमच्याकडे नाहीत, आणि त्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. तरी या चालणाऱ्यांबरोबर जांबोटीपर्यंत गेलो आहे. पुढे क्रूस धरलेली पोरं, मागे जपमाळेचा घोष, अगदी मागून सामानाचा टेम्पो. ज्या देशात आषाढी-कार्तिकीला अख्खी गावं चालतात, तिथे यांना पाणी देताना कुणी धर्म पुसत नाही.

एका झाडाखाली एक मावशी बसल्या होत्या. अंगठ्याच्या मुळाशी आलेल्या फोडातून त्यांनी सुई-दोरा ओवला, दोऱ्याचं टोक तसंच लोंबतं ठेवलं म्हणजे पाणी झिरपून जावं, वर खोबरेल चोळलं आणि जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. सगळं कसं सरावानं, तोंडानं माळ चालूच. मी विचारलं, “मावशी, नवस बोलला होता काय?”

“माझा कसला नवस?” त्या म्हणाल्या. “धाकटी जाऊ यंदा पहिल्यांदाच चालूलालीय. एकटी कशी जाणार ती? म्हणून आलो बघ मी.”

जाऊ मागे पडली होती. ती येऊन टेकेपर्यंत मावशी उठल्या नाहीत, आणि तिला घटकाभर बसू दिल्यावरच दोघी निघाल्या.