तिला काय, घरी लेकरू नाही

देऊळगाव राजा

प्रिय सुनंदा,

बालाजीची यात्रा उलगली, गर्दी ओसरली, म्हणून आज निवांत बसले. याच बालाजीला तुझ्या सासूबाई तुझ्यासाठी नवस बोलल्या होत्या. परवा दर्शनाला उभी होते तेव्हा तेच आठवलं.

आमच्या पतसंस्थेत काउंटरला एक मुलगी आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. संभाजीनगरला उपचार चालू आहेत. पहाटेच्या गाडीनं जाते, सोनोग्राफी करून दुपारी परत येऊन काउंटरवर बसते. इंजेक्शनची वेळ चुकवून चालत नाही. आणि आमच्याकडे गेल्या मार्चएण्डला रात्री थांबायची यादी निघाली, त्यात रोज तिचंच नाव. कोणीतरी म्हणालं, "तिला काय, घरी लेकरू वाट बघत नाही." यादी मीच केली होती गं. ते वाक्य मी ऐकलं आणि गप्प बसले.

नवसाचंच बघ. आपल्या जवळच्या सिंदखेडराजाच्या जिजाऊ ज्या घरात सून म्हणून गेल्या, तिथली गोष्ट तुला माहीत आहे. मालोजी-उमाबाईंना बरीच वर्षं मूल नव्हतं, नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं सांगतात. पण फळले तेवढेच नवस सांगितले जातात. न फळलेल्या नवसांची गोष्ट कोण सांगणार?

कायद्याचंही तसंच. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली, पहिल्या दोन बाळंतपणांना 12 ऐवजी 26 आठवडे भरपगारी रजा मिळाली. गर्भपात झाला तर दाखला देऊन 6 आठवडे. चांगलंच आहे ते. पण उपचारात डॉक्टरांनी गर्भ पोटात ठेवला, पंधरा दिवस श्वास रोखून काढले आणि पाळी आली, तर त्या दिवसाला कायद्यात नाव नाही. आमची काउंटरवरची मुलगी तशा दिवशीही कामावर आली होती. त्याच दुपारी ऑफिसात एकीचं डोहाळजेवण होतं. तिनं पेढा घेतला, बाथरूममध्ये गेली, तोंड धुऊन आली.

मग मी तिला चहाला नेलं आणि विचारलं, काय केलं तर बरं पडेल? मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "ताई, डॉक्टर सुचवू नका, देवही सुचवू नका. तपासणीच्या दिवशी दोन तास द्या, कारण न विचारता. आणि कोणाचं डोहाळजेवण असलं तर मला आदल्या दिवशी एकटीला सांगा. यायचं की नाही ते मी ठरवीन." दत्तकाचं तर तिला महिन्यातून चार जण सांगतात.

आता रात्रीच्या पाळ्या मी सगळ्यांना सारख्या लावते. कुरकुर झाली, होऊ दे. आमच्या पिग्मीवाल्या भाऊंनाही मूल नाही, हे मला तेव्हा कुठे कळलं. पुरुषाला तर कोणी नीट विचारतही नाही, चेष्टा मात्र करतात.

सुनंदा, तू इथली नोकरी अचानक सोडलीस, तेव्हा मी सगळ्यांसारखीच "बरं झालं, आता आराम कर" म्हणाले होते. त्या ऑफिसात तुला काय ऐकावं लागत होतं, ते मी कधी विचारलं नाही. आज विचारते. सांगावंसं वाटलं तर लिही. नाही वाटलं तर टोरांटोच्या थंडीबद्दल लिही, तेही मी तितक्याच मायेनं वाचीन.

तुझी,
शैला