दाढेतला स्क्रू

माझी सगळी नोकरी दापोडीच्या एसटी कार्यशाळेत नट-बोल्ट आवळण्यात गेली. निवृत्तीनंतर खालची उजवी दाढ काढावी लागली आणि तिथे इम्प्लांट बसवला. हाडात टायटॅनियमचा इम्प्लांट, त्यावर जोडभाग, त्यावर कॅप. हे सगळं धरून ठेवतो तो जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा एक स्क्रू.

काही वर्षं त्या दाढेची आठवणही झाली नाही. मग एकदा भाकरी चावताना कॅप किंचित फिरल्यासारखी वाटली. "दुखत नाही ना? मग राहू द्या," असं घरच्यांनी सांगितलं. पण ढिल्या नटावर गाडी रस्त्यावर सोडायची नाही, ही सवय अंगात भिनलेली. इम्प्लांट बसवला ते क्लिनिक तोवर बंद झालं होतं, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी एक्स-रे काढला, हिरडी तपासली. "काका, हाड चांगलं आहे. इम्प्लांट जागचा हललेला नाही, वरचा स्क्रू ढिला झालाय," त्या म्हणाल्या. ऐकून जीव भांड्यात पडला. पण लगेच पुढचा प्रश्न आला, "कंपनी कोणती?" माझ्याकडे कसलाच कागद नव्हता. कंपनी बदलली की स्क्रूचं डोकं वेगळं असू शकतं, त्याला लागणारा पानाही वेगळा. शेवटी एक्स-रेमधल्या आट्यांच्या आणि जोडाच्या आकारावरून त्यांनी कंपनी ओळखली, पण त्यात बरेच दिवस गेले.

माझी कॅप स्क्रूवर बसवलेली होती, हे नशीब. वरचं दातांच्या रंगाचं फिलिंग काढलं. खाली नळाला गुंडाळतात तशी पांढरी टेफ्लॉन टेप निघाली आणि तिच्याखाली स्क्रू. सिमेंटने चिकटवलेली कॅप असती तर बहुधा ती भोक पाडूनच उघडावी लागली असती. जुन्या स्क्रूचे आटे झिजले होते, म्हणून नवा घातला.

आवळण्याचं गणित मला नवं नव्हतं. आवळला की स्क्रू अगदी थोडा ताणला जातो आणि तो ताणच जोड घट्ट धरतो. कमी आवळला तर सुटतो, जास्त आवळला तर तुटतो. हाताच्या अंदाजावर भरवसा नाही. डॉक्टरांनी टॉर्क रेंच लावून 35 न्यूटन-सेंटीमीटरवर आवळला. बसच्या चाकाच्या नटाला शेकडो न्यूटन-मीटर लागतात, त्यापुढे हा आकडा चिमूटभर. मग त्या दहा मिनिटं थांबल्या आणि त्यांनी तो त्याच टॉर्कवर पुन्हा आवळला. धातूच्या पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे दाबले जातात आणि ताण थोडा उतरतो. चाक बदलल्यावर गाडी थोडी पळवून आम्हीही नट पुन्हा आवळायचो, ते याचसाठी.

तरी मूळ कारण राहिलंच होतं. रंगीत कागद चावायला लावला, तर कॅपच्या एका कडेला गडद ठिपका उमटला. नैसर्गिक दाताभोवती तंतूंची गादी असते, दाबाखाली तो किंचित दबतो आणि जास्त जोर आला की जाणवतं. इम्प्लांट हाडाशी थेट जुळलेला असतो, त्यामुळे तो जवळजवळ दबत नाही आणि जादा भार आपल्याला नीट कळतही नाही. तो भार स्क्रूवर येतो. त्यात मी झोपेत दात खातो, हे बाकीच्या दातांच्या झिजेवरून त्यांनी ओळखलं. कॅपची ती कड घासून चावा सारखा केला आणि रात्री घालायला कडक नाईट गार्ड बनवून दिलं.

ढिला स्क्रू तसाच वापरत राहिलं तर तो वाकू शकतो आणि आतच तुटू शकतो. तुटलेला तुकडा इम्प्लांटचे आटे न बिघडवता काढणं फार कटकटीचं काम. इम्प्लांटच चिरला तर तो हाडातून काढण्यावाचून पर्याय नसतो.

तेव्हा इम्प्लांट बसवून घेणाऱ्यांनो, कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर लिहिलेलं कार्ड डॉक्टरांकडून मागून घ्या आणि जपून ठेवा. त्या दाताने सुपारी फोडू नका. वर्षातून एकदा तरी चावा आणि स्क्रू तपासून घ्या. आणि कॅप जराशी जरी हलली, तरी दुखण्याची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा. वेळेवर गेलात तर काम एका स्क्रूवर भागतं.