आजीचें माहेर

गोत्र म्हटलें कीं आम्हां ब्राह्मणांस ऋषि आठवतात. नांदुऱ्यासारख्या वऱ्हाडांतील पेठेच्या गांवीं ओसवाल जैनांचीं नांवें कानीं पडतात, तेव्हां मात्र गोत्राची निराळी वाट दिसते. कोठारी, भंडारी हीं त्यांचीं गोत्रें कोठाराची व भांडाराची आठवण देतात. गोत्र तेंच आडनांव. मारवाडांतून दूर आलेल्या व्यापाऱ्यास नवख्या गांवीं भाऊबंद कोण, सोयरा कोण होऊं शकेल, हें त्यावरून कळे.

आम्हांस विशेष वाटतो तो त्यांचा विवाहाचा जुना नियम. सोयरीक जुळवितांना चार गोत्रें टाळावयाचीं: स्वतःचें, आईच्या माहेरचें, बापाच्या आईच्या माहेरचें आणि आईच्या आईच्या माहेरचें. म्हणजे दोन्ही आज्यांचीं माहेरें घरोघर मुखोद्गत हवींत! आमच्या श्राद्धांत पितामहीचा उच्चार होतो, पण पतीच्या गोत्रानें. आजीचें माहेर विचारलें तर आमच्या घरीं गांवाचें नांव निघतें, गोत्र निघत नाहीं.

१९४६ च्या कायद्यानें सगोत्र विवाहाची आडकाठी दूर केली. १९५५ चा हिंदु विवाह कायदा जैनांसही लागू आहे. तो आईकडून तिसऱ्या व बापाकडून पांचव्या पिढीपर्यंतचें सापिंड्य पाहतो, गोत्र पाहत नाहीं. चार गोत्रांचा नियम आतां केवळ रूढीवर उभा आहे. लहान समाजांत त्यामुळें स्थळें मिळणें कठीण होतें. तो सैल झाल्यास आम्हांस खेद नाहीं. त्याबरोबर आज्यांचीं माहेरें विस्मरणांत जाऊं नयेत. तेवढी नोंद जैनांनीं आणि आपणही घरच्या वहींत करून ठेवावी.